अवधूत, यदुराजा आणि आकाशातली देवयानी

॥ श्री गुरुदेव दत्त ॥

सद्भक्तहो, आपल्या मंदिरात गुरुवारच्या आरतीनंतर पंधरा-वीस मिनिटे बोलण्याची सेवा गेली काही वर्षे माझ्याकडे आहे. मी कीर्तनकार नाही, शास्त्री तर नाहीच. बी.कॉम. झालो आणि चौतीस वर्षे बँकेच्या काउंटरमागे बसलो. त्यामुळे माझ्या बोलण्यात ओव्यांपेक्षा आकडे जास्त येतात, ही आपली प्रेमळ तक्रार मला ठाऊक आहे. दत्तजयंतीच्या अंकासाठी लेख मागितला गेला तेव्हा ठरवले, की आषाढातल्या एका गुरुवारी निघालेला विषय लिहून काढावा. त्या दिवशी तो अर्धवट राहिला होता. का राहिला, ते शेवटी सांगतो.

त्या गुरुवारी आरती झाल्यावर आपल्यातल्याच एक वयस्कर ताई मोबाईल हातात धरून पुढे आल्या. "भाऊ, हे खरं आहे का? आपली आकाशगंगा नि शेजारची आकाशगंगा एकमेकीवर आदळणार म्हणे. सगळं नष्ट होणार. गुरुचरित्राचं पारायण ठेवायचं का?" मागे दोघे-तिघे हसले. ताई हसल्या नाहीत. त्यांच्या हाताला कंप होता. वयामुळे थोडा असतोच, पण त्या दिवशी जरा जास्त होता.

मी म्हणालो, पारायण दरवर्षीप्रमाणे जयंतीआधी सात दिवस आहेच, ते आपण मनापासून करू. पण या टकरीसाठी म्हणून नको.

आधी बातमी खरी किती, ते पाहू. आपली आकाशगंगा म्हणजे ताऱ्यांची एक वसाहत. तिच्यात कमीत कमी दहा हजार कोटी तारे, आणि आपला सूर्य त्यातला एक. अशा वसाहतीला मराठीत दीर्घिका म्हणतात. आपल्या शेजारची मोठी दीर्घिका २५ लाख प्रकाशवर्षे दूर आहे, आणि एक प्रकाशवर्ष म्हणजे सुमारे ९.४६ लाख कोटी किलोमीटर. इंग्रजीत तिला अँड्रोमेडा म्हणतात, मराठीत देवयानी. देवयानीच्या आसपास शर्मिष्ठा आहे, ययाती आहे, शर्मिष्ठेचे वडील वृषपर्वाही आहेत. सगळे कुटुंबच तिथे. ही पाश्चात्य तारकासमूहांना लावलेली मराठी नावे आहेत, ऋषींनी दुर्बिणीतून बघून ठेवलेली नव्हेत. हे आधीच सांगतो, नाहीतर पुढच्या गुरुवारी नवा मेसेज यायचा. तरीपण नाव ठेवणारा आपल्या दत्तभक्तांची मोठी सोय करून गेला आहे, ते पुढे येईल.

१९१२ साली अमेरिकेतल्या लॉवेल वेधशाळेत व्हेस्टो स्लायफर यांनी देवयानीच्या प्रकाशावरून तिचा वेग काढला. ती सेकंदाला सुमारे ३०० किलोमीटर वेगाने आपल्याकडे येताना दिसली. त्यातला बराचसा वेग आपल्या सूर्याच्याच फिरण्याचा निघाला. तो वजा जाता दोन दीर्घिका एकमेकींकडे येतात तो वेग सेकंदाला ११० किलोमीटरच्या आसपास. तासाला म्हणाल तर जवळजवळ ४ लाख किलोमीटर.

सवयीने मी कागद घेतला आणि अंतराला वेगाने भागले. उत्तर आले ६८० कोटी वर्षे. शास्त्रज्ञ तर ४०० कोटी सांगत होते. तेरीज जुळत नसली की कॅशियरची जी अवस्था होते ती माझी दोन दिवस झाली. शेवटी पुण्याला शिकणाऱ्या नातवाला फोन लावला. तो म्हणाला, "आजोबा, जवळ येईल तशी ओढ वाढते, ओढ वाढली की वेग वाढतो." म्हणजे मी सरळव्याज लावत बसलो होतो आणि हिशेब चक्रवाढीचा होता. मुदत ठेवीच्या पावत्या लिहिण्यात जन्म गेलेल्या माणसाने ही चूक करावी!

२०१२ साली हबल दुर्बिणीने देवयानीची आडवी हालचाल मोजली आणि नासाने जाहीर केले, की सुमारे ४०० कोटी वर्षांनी टक्कर होणार, ती चुकत नाही. पुढे तेच सगळीकडे छापले गेले. मग यंदा, जून २०२५ मध्ये, फिनलंडच्या हेलसिंकी विद्यापीठातले टिल सावाला आणि त्यांचे सहकारी यांनी तो हिशेब नव्याने मांडला. हबल आणि युरोपच्या गाया या दोन दुर्बिणींची नवी मापे घेतली. मापात जेवढी कमी-जास्त शक्य आहे तेवढी धरून संगणकावर एक लाख वेळा हा प्रवास करून पाहिला. दोन धाकटे शेजारीही हिशेबात घेतले. त्यातला मोठा मॅगेलनी मेघ आपल्या सेलूहून दिसत नाही, फार दक्षिणेला आहे. त्याची ओढ टक्कर टाळायच्या बाजूची. त्रिकोण तारकासमूहातली छोटी दीर्घिका मात्र टक्कर जुळवून आणते. सगळी गोळाबेरीज करून त्यांनी सांगितले, की पुढच्या १००० कोटी वर्षांत टक्कर होण्याची शक्यता निम्मी.

ताईंच्या मोबाईलवर आला तो मेसेज याच बातमीची शेपटी असावा. लिहिणाऱ्याने 'टक्कर' उचलली आणि 'निम्मी' व 'वर्षे' गाळली. चेकवरची रक्कम वाचायची आणि तारीख वाचायची नाही, असले गिऱ्हाईक आम्ही काउंटरवर पुष्कळ पाहिले आहे.

मला या शास्त्रज्ञांचे एक आवडले. मापात कितीची तूट असू शकते, हे त्यांनी मापाबरोबरच लिहून ठेवले. आमच्याकडे कॅशमध्ये दहा रुपये कमी आले तर ते दिवस संपायच्या आत लिहावे लागत, त्याची आठवण झाली. परमार्थात ही सवय आपल्याला कमी आहे. कोणी विचारले की आपण लगेच सगळे माहीत असल्यासारखे सांगतो.

याच वर्षी २० मे रोजी पुण्यात डॉ. जयंत नारळीकर गेले. १९८८ मध्ये त्यांनी पुण्यात आयुका ही खगोलशास्त्राची संस्था उभी केली आणि जन्मभर मराठीतून लिहिले. त्यांचे 'आकाशाशी जडले नाते' माझ्या कपाटात पोथ्यांच्या खालच्या फळीवर आहे. ते फलज्योतिषावर कडक टीका करीत. त्यांची वाट आणि माझी वाट एक नव्हती, पण न कळलेले कळले म्हणून त्यांनी सांगितले नाही, म्हणून तो ग्रंथ तिथे आहे. त्याच आयुकातल्या आणि पुण्याच्या आयसरमधल्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये सुमारे ४०० कोटी प्रकाशवर्षे दूर असलेला दीर्घिकांचा एक प्रचंड गोतावळा शोधल्याचे जाहीर केले. त्याला नाव दिले सरस्वती. दीर्घिकासुद्धा एकट्या राहत नाहीत. विश्व पसरते आहे, दूरदूरच्या दीर्घिका आपल्यापासून आणखी दूर जात आहेत, हे १९२९ पासून माहीत आहे. पण एका गोतातल्या ज्या जवळजवळ आहेत, त्यांची आपसातली ओढ त्या पसरण्यापेक्षा जास्त ठरते. म्हणून देवयानी आपल्याकडे येते आहे.

बरे, झालीच टक्कर तर काय होईल? टक्कर म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे लोणार येते. आपल्यापैकी बहुतेकांनी ते पाहिले आहे, मंठ्यावरून जाऊन संध्याकाळपर्यंत परत येता येते. आकाशातून दगड आला, काळ्या कातळावर आदळला आणि सुमारे १.८ किलोमीटर रुंदीचा खड्डा पडला. दीर्घिकांची टक्कर तशी नसते. मंदिरात त्या दिवशी मी खिशातून ज्वारीचा एक दाणा काढून दाखवला होता. सूर्य या दाण्याएवढा धरा. तो आपल्या सेलूच्या मोंढ्यात ठेवला, तर त्याच मापाने सूर्याच्या सर्वांत जवळच्या ताऱ्याचा दाणा सुमारे ११५ किलोमीटरवर ठेवावा लागेल, म्हणजे छत्रपती संभाजीनगरच्या थोडा अलीकडे. मधे काही नाही. आता असाच पेरलेला दुसरा एक मुलूख या मुलखातून आरपार गेला, तर दाण्यावर दाणा आपटेल का? शास्त्रज्ञ म्हणतात, ताऱ्यावर तारा आदळण्याची शक्यता जवळपास शून्य आहे. सूर्य आपल्या ग्रहांसकट कुठेतरी दूर भिरकावला जाईल, एवढेच.

आदळतात ते वायूचे ढग. ताऱ्यांमधल्या मोकळ्या जागेत जे विरळ, पसरलेले, कशाचाच आकार न घेतलेले असते, ते एकमेकांत घुसते, दाबले जाते आणि त्यातून नवे तारे जन्मतात. ही कल्पना नव्हे, असे चालू असलेले दिसते. हस्त नक्षत्र आपल्या शेतकऱ्यांना सांगायला नको. त्या नक्षत्राच्या दिशेला, पण कितीतरी पलीकडे, सुमारे ६ ते ७ कोटी प्रकाशवर्षांवर दोन दीर्घिका एकमेकींत मिसळत आहेत. हबल दुर्बिणीने काढलेले त्यांचे छायाचित्र नातवाने मला पाठवले. मोडतोड आहे, ताऱ्यांच्या लांब शेपट्या बाहेर फेकल्या गेल्या आहेत, आणि त्याच गोंधळात नव्या ताऱ्यांचे निळे-गुलाबी घोसच्या घोस. ब्रह्मा आणि महेश आपण एका देहावर का दाखवतो, हे मला त्या चित्राकडे बघताना जरा जास्त समजले. विष्णू त्यात कुठे ते मात्र सापडले नाही. ती ओढ असावी, असे माझे मला वाटते.

शिवाय आपली पृथ्वी तो प्रसंग पाहायला तशी राहणारच नाही. सूर्य हळूहळू तापतो आहे. सुमारे १०० कोटी वर्षांत समुद्र आटतील आणि ५०० कोटी वर्षांच्या सुमारास सूर्यच फुगून तांबडा होईल.

इथे कोणीतरी हटकून म्हणतो, बघा, ब्रह्मदेवाचा एक दिवस ४३२ कोटी वर्षांचा आणि टक्करही ४०० कोटींनी, आपल्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते! थांबा. रोजच्या संकल्पात आपण श्वेतवाराह कल्प म्हणतो, वैवस्वत मन्वंतर म्हणतो. त्या हिशेबाने चालू कल्पाची सुमारे १९७ कोटी वर्षे होऊन गेली. शिल्लक २३५ कोटी. म्हणजे पुराणाचा हिशेब खरा धरला, तर टक्कर व्हायच्या कितीतरी आधी ब्रह्मदेव निजतात. जमा बाजूला एक आकडा दिसला म्हणून खाते जुळले असे होत नाही. पुराणाचा मोठेपणा आकड्यांच्या जुळणीवर उभा नाही. एवढ्या अफाट काळाचा विचार करून, त्यात आपला आजचा वार, तिथी आणि गोत्र सांगून पळीभर पाणी सोडायचे, हे ज्याने शिकवले त्याला मी नमस्कार करतो.

भागवताच्या बाराव्या स्कंधात प्रलय चार प्रकारचे सांगितले आहेत. नैमित्तिक, प्राकृतिक, आत्यंतिक आणि नित्य. पहिले दोन विश्वाचे. आत्यंतिक म्हणजे मोक्ष, तो ज्याच्या त्याच्या साधनेचा. उरला नित्य प्रलय, क्षणाक्षणाला चाललेला. सत्तरी उलटलेल्यांना तो समजावून सांगायला नको. गुडघे आहेत, चष्म्याचा नंबर आहे, गुंजच्या वारीला बरोबर येणारी माणसे दरवर्षी दोन-तीन कमी होतात. ताईंची भीती मला इथली वाटली. माणसाला जवळच्या प्रलयाचे नाव घेववत नाही, म्हणून तो ४०० कोटी वर्षांपलीकडच्या टकरीला भितो.

आता नाव ठेवणाऱ्याने केलेली सोय. भागवताच्या अकराव्या स्कंधात यदुराजाला एक तरुण अवधूत भेटतो. हे अवधूत म्हणजे आपले श्रीदत्तप्रभू, अशी परंपरा आहे. पैठणच्या नाथांनी याच स्कंधावर एकनाथी भागवत लिहिले, आणि नाथांचे गुरू देवगिरीचे जनार्दनस्वामी दत्तभक्त, हे आपण जाणताच. यदू विचारतो, की तुमच्याजवळ काही नाही, तरी तुम्ही इतके आनंदात कसे? त्यावर अवधूत चोवीस गुरू सांगतात. पृथ्वी, वारा, आकाश, पाणी, पुढे कबुतर, अजगर, पिंगला. आकाशाकडून ते काय शिकले? ढग येतात, जातात, वादळ होते, आकाशाला त्यातले काही चिकटत नाही.

ज्या यदूने हे विचारले, त्याची आई देवयानी. शुक्राचार्यांच्या शापाने ययातीला अकाली म्हातारपण आले. त्याने मुलांकडे तारुण्य मागितले. थोरल्या यदूने नाही म्हटले. शर्मिष्ठेचा धाकटा मुलगा पुरू हो म्हणाला. राज्य पुरूला मिळाले, यदूच्या वाटणीला दक्षिणेकडचा मुलूख आला. म्हणजे अवधूतांना आनंदाचे कारण विचारणारा हा राजा वाटणीत डावललेला थोरला भाऊ होता.

त्या गुरुवारी मी इथपर्यंत आलो आणि माझी नजर मागच्या खांबाकडे गेली. तिथे माझा धाकटा भाऊ बसला होता. मला पुढचे वाक्य सुचले नाही. प्रसाद वाटा म्हणालो आणि उठलो. लोकांना वाटले, मला चक्कर आली.

आपल्या गावात ही गोष्ट लपलेली नाही, तेव्हा लिहायला हरकत नाही. वडील गेल्यावर दुधनेकडच्या शेताची वाटणी झाली. त्याला चार एकर, मला चार एकर, मधे बांध. २०१६ मध्ये मी म्हणालो, त्याने नांगरताना बांध कोरला. तो म्हणाला, मीच जेसीबी लावताना सरकवला. दोनदा मोजणी झाली आणि दोन्ही वेळा हातभराचा फरक वेगवेगळ्या बाजूला निघाला. मग वकील. त्या पट्टीत ज्वारी पेरली तर दोन पायल्या निघेल. तिच्यावर मी किती खर्च केला, तो आकडा वहीत आहे, इथे लिहीत नाही. नऊ वर्षे आम्ही बोलत नाही. गुरुवारी मंदिरात येतो दोघेही, तो खांबाशी, मी पुढे माईकशी. अवधूतांच्या चोवीस गुरूंवर मी त्याच्यासमोर कितीदा बोललो असेन!

यंदा सप्टेंबरात मराठवाड्यावर जे पाणी कोसळले ते आपण सर्वांनी भोगले. आमचे सोयाबीन गेले. पाणी ओसरल्यावर जाऊन पाहिले तर बांध नव्हता. त्याची माती कोणाच्या शेतात गेली हेही सांगता येत नव्हते. दोन्हीकडे सारखाच चिखल.

दिवाळीत नातू आला. येताना मित्राची दुर्बीण घेऊन आला, डोळ्यांना लावायची, जोडनळ्यांची. गावात दिव्यांचा झगझगाट आणि फटाक्यांचा धूर, म्हणून लक्ष्मीपूजनाच्या आदल्या रात्री नऊच्या सुमारास आम्ही शेतावर गेलो. अमावास्या जवळ होती, आकाश धुतल्यासारखे. त्याने भाद्रपदेचा मोठा चौकोन दाखवला. त्याच्या उत्तराभाद्रपदेच्या कोपऱ्यापासून दोन तारे मोजायचे आणि वळायचे. तिथे एक फिकट डाग होता. पिंजलेल्या कापसाची बोटभर पेळू असते, तसा. नुसत्या डोळ्यांनीसुद्धा, जरा बाजूला बघितले की जाणवतो. तो प्रकाश तिथून निघाला त्याला २५ लाख वर्षे झाली. आपल्याला पाहायचे असेल तर दत्तजयंतीच्या रात्री नको, पौर्णिमेच्या चांदण्यात ती लोपते. मार्गशीर्षाच्या सुरुवातीला, आठ-साडेआठला, डोक्यावरून थोडे उत्तरेकडे बघा.

तेवढ्यात बॅटरीचा झोत आमच्यावर पडला. मोटारीची केबल चोरीला जाते म्हणून धाकटा रात्री एक चक्कर मारतो.

"कोण हे? काय करायलात इतक्या रात्री?"

"छोटे आजोबा, मी. देवयानी बघायलो."

त्याने बॅटरी विझवली. नातवाने दुर्बीण त्याच्या हातात दिली. त्याला डाग सापडेना, मग सापडला. बराच वेळ तो बघत राहिला.

"ही आपल्याकडं यायली का लांब चालली?"

"यायली."

"कधी पोचंल?"

"पोचली तर काही शे कोटी वर्षांनी. न् नाही पोचली तर बाजूनं निघून जाईल. अर्धी-अर्धी शक्यता आहे म्हणतात."

तो हसला. म्हणाला, "मोजणी दोनदा केली असंल त्यांनी बी." हे कोणाला म्हणाला कोण जाणे. तो उभा होता तिथेच आमचा बांध होता, किंवा हातभर इकडे-तिकडे. मला काहीतरी बोलायचे होते. मंदिरात सलग वीस मिनिटे बोलणारा माणूस मी, तोंडातून शब्द निघेना. दुर्बीण परत देऊन तो निघाला. चार पावले गेल्यावर मागे न बघता म्हणाला, "थंडी पडायली. जावा आता घरी."

वाटेत नातू काहीबाही सांगत होता, माझे लक्ष नव्हते. नातवाला माझा भाऊ 'जा' म्हणतो. 'जावा' म्हणाला म्हणजे त्यात मी होतो.

रब्बीची पेरणी झाली. बांध अजून त्यानेही घातला नाही, मीही नाही. तारीख पुढच्या महिन्यात आहे. या अंकाची वर्गणी वडिलांच्या वेळेपासून दोन्ही घरांची एकदम भरतात. ती मी भरतो, नऊ वर्षांतही तेवढे मोडले नव्हते. तेव्हा हा अंक त्याच्या घरी जाईल.

॥ श्रीदत्तार्पणमस्तु ॥